टँकच्या पाण्याआधी कुपी बघा

एप्रिल उजाडला की सांगली-मिरजेतल्या आणि साताऱ्यातल्या पोहण्याच्या टँकवर मुलांची झुंबड उडते. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, सुट्टीतली शिबिरं. चांगल्या टँकवर एक फळा असतो आणि त्यावर रोज दोन आकडे लिहिलेले असतात: क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे. पालक ते वाचतात आणि निर्धास्तपणे पोराला पाण्यात सोडतात. हे आकडे येतात करंगळीएवढ्या एका कुपीतून आणि तिच्यात टाकलेल्या चार थेंबांतून किंवा एका गोळीतून. कुपी आतून मळलेली असेल तर आकडा चुकतो, आणि निळंशार पाणी बघून ती चूक कुणालाच कळत नाही.

टँक सांभाळणाऱ्यांनी फिल्टर, बॅकवॉश, पावडर यांबद्दल पुष्कळ ऐकलेलं असतं. टेस्टिंग किट कसं धुवायचं, कुठे ठेवायचं, कधी टाकून द्यायचं, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी सांगतं. मळ आकडा बिघडवतो तो कसाही बिघडवत नाही. प्रत्येक प्रकारचा मळ आकड्याला ठरावीक बाजूला ढकलतो. काही मळ क्लोरीन जास्त दाखवतात, काही कमी. कुठला मळ कुठे ढकलतो हे एकदा डोक्यात बसलं की धुण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

किट नेमकं काय मोजतं

पाण्यात टाकलेलं क्लोरीन दोन रूपांत राहतं. जे मोकळं आहे आणि जंतू मारायला तयार आहे, ते मुक्त क्लोरीन. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जे बांधलं गेलं, ते संयुक्त क्लोरीन. टँकवर डोळे चुरचुरतात आणि नाकाला झोंबणारा वास येतो, तो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकाराचा असतो. म्हणजे वास उग्र आहे म्हणून पाणी सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. उलट अशा वेळी मुक्त क्लोरीन कमी पडलेलं असू शकतं, आणि ते किटवरच कळतं.

मुक्त क्लोरीन साधारण 1 ते 3 पीपीएम ठेवतात, म्हणजे एका लिटरमध्ये 1 ते 3 मिलिग्रॅम. पीएच 7.2 ते 7.8. पीएचकडे एवढं लक्ष का, तर क्लोरीनचा जोर त्यावर ठरतो. पीएच 7 असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग जोरकस रूपात असतो, 7.5 ला निम्मा, आणि 8 ला जेमतेम पाव. 1 पीपीएम मुक्त क्लोरीन आणि 7.5 पीएच असलेल्या पाण्यात ई. कोलायचा जुलाब करणारा प्रकार एका मिनिटाच्या आत मरतो, काविळीच्या हिपॅटायटिस ए विषाणूला सुमारे 16 मिनिटं लागतात आणि जिआर्डियाला 45 मिनिटं. आकडा खरंच 1 असेल तरचा हा हिशोब आहे. कुपीने 1 दाखवलं आणि पाण्यात 0.3 असलं, तर तो कोलमडतो.

पीएच दाखवणाऱ्या थेंबांत फिनॉल रेड नावाचा रंग असतो. सांगलीच्या माणसाला तो समजावायला हळद पुरेशी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तयार होतं. फिनॉल रेडही आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात पिवळा राहतो आणि अल्कलीकडे झुकलेल्या पाण्यात लाल-गुलाबी होतो, मधल्या पाण्यात नारिंगी छटा दाखवतो. साधारण 6.8 ते 8.2 एवढीच त्याची धाव. त्यापलीकडे पाणी कितीही बिघडलं तरी रंग तोच राहतो.

क्लोरीनसाठी डीपीडी नावाचं रसायन. ते मुक्त क्लोरीनने गुलाबी होतं. डीपीडी-1 ची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते. त्याच पाण्यात डीपीडी-3 टाकली की एकूण क्लोरीन दिसतं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. गावाकडे जलसुरक्षक टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात आणि पाणी पिवळं होतंय का बघतात. पुष्कळ टँकवर अजून तेच थेंब वापरतात. माझ्या मते टँकसाठी ओटी सोडून द्यावं. ते मुक्त आणि संयुक्त क्लोरीन वेगळं करून दाखवत नाही, आणि त्यातलं रसायन कर्करोगाला कारण ठरू शकतं असा संशय आहे. सध्या तेच वापरात असेल तर हाताला लागू देऊ नका. आणि कुठल्याही टेस्टचं पाणी परत टँकमध्ये ओतायचं नाही, ते गटारात.

कुपी

एखादी वापरात असलेली कुपी उजेडाकडे धरून आडवी फिरवून बघा. तळाशी कोपऱ्यात गुलाबी-तपकिरी कडा दिसेल, मापाच्या रेषेवर पांढुरकी वर्तुळं दिसतील, बाहेरून बोटांचे ठसे असतील. या तिन्ही खुणा वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींचा परिणाम वेगळा आहे.

सर्वांत वाईट मळ दिसतच नाही, आणि तो डीपीडी-3 चा. या गोळीत आयोडाइड असतं. एकूण क्लोरीन मोजून झाल्यावर कुपी नुसती झटकून ठेवली, तर काचेला किंवा झाकणाला त्याचा अंश राहतो. दुसऱ्या दिवशी त्याच कुपीत मुक्त क्लोरीन मोजलं की तो अंश संयुक्त क्लोरीनलाही गुलाबी रंग द्यायला लावतो. पाण्यात मुक्त क्लोरीन कमी असूनही रंग गडद येतो. टँकवरचे काका म्हणतात आज पावडर नको, आणि पन्नास पोरं पाण्यात उतरतात. म्हणून शक्य असेल तिथे डीपीडी-1 आणि डीपीडी-3 साठी दोन वेगळ्या कुप्या ठेवाव्यात, झाकणांसकट, आणि प्रत्येकीवर पक्क्या मार्करने खूण करावी. एकच कुपी असेल तर डीपीडी-3 नंतर ती भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवा, झाकणाची आतली बाजू आणि ढवळणीसकट.

दुसरा लपलेला मळ उलट्या दिशेने ढकलतो. पाण्यात क्लोरीन फार झालं की फिनॉल रेडचा रंग जांभळट होतो आणि पीएच वाचता येत नाही. त्यासाठी काही किटमध्ये क्लोरीन मारणारे थायोसल्फेटचे थेंब असतात. त्यांचा अंश कुपीत राहिला आणि पुढची टेस्ट क्लोरीनची झाली, तर तो पाण्यातलं क्लोरीन खाऊन टाकतो. किट शून्य दाखवतं, काका पावडरची अख्खी बादली टाकतात, आणि संध्याकाळच्या बॅचला पोरांचे डोळे लाल. पीएचची कुपी पीएचलाच आणि क्लोरीनची क्लोरीनलाच वापरायची, झाकणांची अदलाबदल करायची नाही, हा नियम यासाठी.

अंगठा लावून कुपी हलवायची सवय तर जवळजवळ सगळ्यांना असते. बोटावरचा घाम क्लोरीन खातो आणि पीएचही हलवतो. एवढ्याशा 10 मिलिलिटर पाण्यात तो पुरेसा असतो. झाकण लावूनच हलवा. गोळीला बोट लावू नका, पाकीट फाडून ती थेट कुपीत पाडा.

आता पांढरी वर्तुळं. ती क्षारांची. साताऱ्यात कासच्या तलावाचं पाणी ज्या भागात येतं तिथे हा त्रास कमी. ते पावसाचं साठलेलं, क्षार कमी असलेलं पाणी आहे. पण टँक बोअरच्या पाण्याने भरत असाल तर आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं पाणी बऱ्याचदा जड असतं. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तिथल्या विहिरींच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्यात टीसीएल पावडर वापरली तर तिच्यातलं कॅल्शियमही भर घालतं. असं पाणी कुपीत सुकलं की पांढरा थर धरतो. तो उजेड अडवतो, आणि पुढच्या टेस्टमध्ये विरघळून पीएच आणि हार्डनेसचे आकडे वर नेतो.

हा थर काढायला साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. कुपी त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, मऊ ब्रश किंवा कापसाचा बोळा फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. लिंबू वापरू नका. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करतं, आणि त्याचा अंश राहिला तर आकडा खाली येतो. भांडी घासायची पावडर आणि काथ्या तर अजिबात नको, कारण प्लास्टिकवर ओरखडा एकदा पडला की तो कायमचा. साबणही क्लोरीनच्या कुपीपासून लांब ठेवा, त्याचा थर काचेवर राहतो आणि क्लोरीन खातो.

डीपीडीचा गुलाबी-तपकिरी डाग बसला असेल, किंवा कुपी फार दिवस पडून होती आणि तिचा भरवसा वाटत नसेल, तर प्रयोगशाळेतली रीत वापरा. एक लिटर पाण्यात एक मिलिलिटर साधं द्रवरूप ब्लीच टाका, कुपी आणि झाकण त्यात तासभर बुडवा, मग पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा. यामुळे काचेवरचं जे काही क्लोरीन खाणारं असेल ते आधीच खाऊन संपतं. शेवटचं विसळणं नीट झालं नाही तर मात्र ब्लीचच आकडा वाढवेल. आणि इथे एक गोष्ट जिवाची आहे: व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आणि ब्लीच किंवा पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधी एक काम पूर्ण, मग भरपूर पाणी, मग दुसरं. पंपरूममध्येही आम्लाचा कॅन आणि पावडरचा ड्रम शेजारी नको.

रोज एवढं करायची गरज नाही. रोज टेस्ट झाल्या झाल्या पाणी ओतायचं, नळाखाली तीन-चारदा विसळायचं आणि कुपी उपडी, झाकण उघडं ठेवून सुकवायची. पुढच्या टेस्टच्या वेळी, ज्या पाण्याची टेस्ट आहे त्याच पाण्याने ती तीनदा विसळून मग भरायची. तासाभराने धुतो म्हटलं की डाग बसतो.

कलरीमीटर असेल तर

रंग डोळ्यांनी जुळवायच्या ऐवजी यंत्र वाचत असेल तर लोकांना वाटतं आता चूक होणार नाही. खरं तर यंत्र कुपीच्या बाबतीत जास्त नाजूक असतं. ते कुपीतून उजेड आरपार सोडतं आणि किती अडला ते मोजतं. उजेड रंगाने अडला की बोटाच्या ठशाने, ओरखड्याने, हवेच्या बुडबुड्याने, हे त्याला कळत नाही. आकडा वाढतो, एवढंच. म्हणून कुपी वरच्या बाजूला धरायची, बाहेरून लिंट न सुटणाऱ्या मऊ कापडाने पुसायची, बुडबुडे हलक्या टिचकीने घालवायचे. पंचगणी-महाबळेश्वरकडे थंड पाण्याने भरलेली कुपी दमट हवेत बाहेरून घामाघूम होते, ते थेंबही पुसायचे. यंत्र ज्या कुपीत शून्यावर आणलं, वाचनही त्याच कुपीत आणि कुपीवरची खूण त्याच दिशेला ठेवून घ्यायचं, म्हणजे काचेतला बारीकसा दोष दोन्हीकडे सारखा येऊन वजा होतो. कुपी ठेवायच्या खाचेत पाणी सांडलं तर लगेच टिपायचं. तिथली काच ढगाळली की यंत्र खोटंच बोलणार.

डीपीडी-1 चा रंग लगेच वाचायचा, थांबलं की संयुक्त क्लोरीन हळूहळू त्यात भर घालतं. डीपीडी-3 ला मात्र दोन मिनिटं द्यायची.

आणि गुलाबी रंग क्षणभर येऊन गायब झाला, किंवा पावडर नुकतीच टाकलेली असून किट शून्य दाखवतंय, तर हात आवरा. क्लोरीन फार जास्त झालं की ते डीपीडीचा रंगच उडवतं. एक भाग टँकचं पाणी, चार भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिसळून पुन्हा टेस्ट करा आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणा. गॅरेजवाल्यांकडे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते चालतं, फक्त बाटलीवर पाणीच लिहिलंय ना ते वाचून घ्या, बॅटरीचं आम्ल नको.

किट पंपरूममध्ये ठेवू नका

टेस्टिंग किटची जागा ठरलेली असते: पंपरूमची फळी, खाली पावडरचा ड्रम, वर पत्रा. सांगलीच्या मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय भट्टी पेटते ते तिथल्या माणसाला विचारा. टेस्टच्या औषधांना, म्हणजे थेंब आणि गोळ्यांना, उष्णता, उजेड आणि दमट हवा तिन्ही मारक. शिवाय ड्रममधून सतत निघणारी क्लोरीनची वाफ डीपीडीला बाटलीतच जुनं करते आणि मीटरच्या तारांना गंज चढवते. किट ऑफिसच्या कपाटात ठेवा. रोज पंधरा पावलं जास्त चालावी लागतील, चाला.

डीपीडीचे थेंब पाण्यासारखे नितळ असायला हवेत. करडे, तपकिरी किंवा गुलाबी झाले की बाटली टाकून द्या, तारीख उरली असली तरी. गोळ्यांचं पाकीट फुगलं असेल किंवा गोळी भुगा झाली असेल तर तीही नको. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो आणि थेंब मोजून करायच्या टेस्टमध्ये तीच चूक आकड्यात उतरते. ड्रॉपरच्या टोकाशी सुकलेला खडा ओल्या कापडाने पुसा. टेस्ट पट्ट्या वापरत असाल तर हात कोरडे हवेत आणि डबी लगेच बंद. पावसाळ्यात उघडी राहिलेली पट्ट्यांची डबी गेली म्हणून समजा.

सायन्यूरिक आम्लाची (उन्हात क्लोरीन टिकवायला टाकतात त्या रसायनाची) टेस्ट करणाऱ्यांसाठी एवढंच: त्या नळीत पांढरा गढूळपणा बघून तळाचा काळा ठिपका कधी दिसेनासा होतो ते मोजतात. नळीच्या आत पांढरा थर राहिला किंवा ठिपकाच फिका पडला तर ठिपका लवकर नाहीसा होतो आणि आकडा जास्त येतो. मऊ ब्रशने घासा. ठिपका पुसला गेला असेल तर नवी नळी घ्या.

पीएच मीटरचा काचेचा फुगा

पेनसारखं पीएच मीटर आता पुष्कळ टँकवर दिसतं. त्याच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो, आणि त्या काचेच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अगदी बारीक थर असतो. मोजमाप तिथेच घडतं. तो थर सुकला की मीटर आळशी होतं, आकडा बसायला मिनिटं लागतात.

म्हणून मीटर कोरडं ठेवायचं नाही. पण ओलं ठेवायचं म्हणून टोपीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरणं हे त्याहून वाईट. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या (फुगा असलेल्या मोजणाऱ्या दांडीच्या) आतल्या द्रावणातले क्षार बाहेर निघून जातात आणि तो अकाली मरतो. टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं 3 मोलर साठवणीचं द्रावण दोन-चार थेंब हवं. ते संपलं असेल तर तात्पुरतं 4 पीएचचं बफर (ठरावीक पीएचचं द्रावण, ज्यावर मीटर जुळवतात), आणि तेही नसेल तर साधं नळाचं पाणीसुद्धा आरओपेक्षा बरं. टोपीभोवती पांढरे स्फटिक जमतात ते याच क्षाराचे, घाबरायचं कारण नाही, पाण्याने धुऊन टाका.

फुगा पुसायचा नाही, टिश्यूने नुसता टिपायचा. घासला की काचेवर स्थिर वीज साठते आणि आकडा भटकत राहतो. डोक्याला चपचपीत खोबरेल लावून आलेली पोरं टँकमध्ये उतरतात, त्या तेलाचा पापुद्रा फुग्यावर बसतो. त्यासाठी कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब चालतो (कुपीला साबण नको म्हटलं, इथे तेल काढायचं आहे), मग भरपूर पाणी. क्षारांचा थर असेल तर व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटं. दोन्हीनंतर तासभर साठवणीच्या द्रावणात ठेवा आणि मीटर पुन्हा बफरवर लावून घ्या.

बफर लावताना आधी 7, मग 9.2. टँकचं पाणी 7 ते 8 च्या मधलं असतं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचे बफर घ्यायचे. वापरलेला बफर परत बाटलीत ओतायचा नाही. 9.2 चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खाली येतो, त्यामुळे उघडी बाटली फार दिवस चालवू नका. कॅप्सूल मिळतात, त्या डिस्टिल्ड पाण्यात ताज्या विरघळवणं सर्वांत चांगलं. मीटर उतार (स्लोप, म्हणजे इलेक्ट्रोड अजून किती तेज आहे) टक्क्यांत दाखवत असेल आणि तो 85 च्या खाली गेला असेल, तर इलेक्ट्रोडचं आयुष्य संपलं. साधारण एक-दोन वर्षांत हे होतंच, मीटर फार वापरलं नसलं तरी.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला एवढे लाड लागत नाहीत. टोकाच्या पिना स्पिरिटने पुसा, धुवा, कोरडं ठेवा.

सीझन संपताना

मिरगाच्या आसपास उघडे टँक बंद होऊ लागतात, आणि किटचं नुकसान सर्वांत जास्त पुढच्या महिन्यांत होतं. मीटरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर त्या आतच फुटून खारवतात. इलेक्ट्रोडच्या टोपीत द्रावण भरून मीटर उभं ठेवा आणि महिन्यातून एकदा ते आटलंय का बघा. हॉटेलांच्या टँकवर पाइपमध्ये कायम बसवलेले सेन्सर असतात. पंप बंद केला की ते कोरडे पडतात, म्हणून ते काढून साठवणीच्या द्रावणात ठेवायचे. कुप्या व्हिनेगरने धुऊन, पूर्ण सुकवून, झाकणं वेगळी ठेवा.

नवी औषधं पावसाळ्याआधी स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, गुढीपाडव्याच्या सुमारास घ्या. बाटलीवरची तारीख वाचून घ्या, आणि उघडाल त्या दिवशीची तारीख मार्करने तिच्यावर लिहा. पहिल्या शिबिराआधी जुन्या आणि नव्या औषधांनी एकाच बादलीतल्या पाण्याची टेस्ट करा. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत, तर शिल्लक राहिलेल्या जुन्या बाटल्या त्याच दिवशी बाजूला काढा.